भिकाबाईची निळी भिंत

साखऱ्याला जनकाबाईच्या झोपडीत तीन तसबिरी होत्या. एक बाबासाहेबांची, एक बुद्धाची आणि तिसरी तिची स्वतःची. तिसरी मी काढलेली. पहिल्या दोघांनी आपल्याला उभं केलं असं ती सांगायची. तिसरीनं तिचं घर वर्षभर अडवून धरलं, हे मात्र मला सांगावं लागतं, कारण ती ते कधीच सांगत नाही.

मी रत्नपाल खंदारे. वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानाला लागून माझा फोटो स्टुडिओ होता. अकरा वर्षं मी लग्नं काढली. नवरदेव घोड्यावरून पडला तरी तो हसत पडला असं दाखवणारा माणूस मी. पुढं प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि नवरीचा मामाच माझ्यापेक्षा जास्त फोटो काढायला लागला. स्टुडिओत गिऱ्हाइकांपेक्षा पाली जास्त दिसायला लागल्या, तेव्हा मी शटर ओढलं.

हिंगोलीला खताच्या दुकानावरच्या माडीत 'आपली वस्ती' नावाची संस्था आहे. गरिबांच्या घरकुलाचे कागद जुळवून देणं, जागा नावावर नसेल तर करून घेणं, गवंडी गाठून देणं, वस्तीत नाली आणि रस्ता व्हावा म्हणून ग्रामपंचायतीच्या मागं लागणं, अशी तिची कामं. ती चालवणाऱ्या संपदाताईंनी मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, "मोबाईल नीट हाताळता येतो ना?" मी अकरा वर्षांचा अनुभव सांगायला सुरुवात केली आणि त्यांनी तो पुरा व्हायच्या आतच मला नेमून टाकलं. गळ्यात ओळखपत्र आलं, त्यावर 'वस्ती विकास समन्वयक'. माझी आई अजून फाट्यावर सांगते की पोरगं सरकारात लागलं. मी तिला दुरुस्त करत नाही, कारण समन्वयक म्हणजे नेमकं काय ते मलाही सांगता येत नाही.

जनकाबाई साठीच्या पुढची. माहेर सिद्धेश्वरच्या धरणाजवळचं. "बापानं पान्यातून काढलं अन् मातीत टाकलं," असं ती साखऱ्याच्या कोरडवाहू रानाकडं हात करून म्हणायची, पण तक्रारीच्या सुरात नाही. सोयाबीन कापायला ती जायची, तूर बडवायला जायची आणि हळद शिजवायच्या दिवसांत बागायतीच्या गावांना मजुरीला जायची. त्या दोन महिन्यांत तिचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. एकुलती लेक सेनगावला दिलेली. नवरा सटवाजी सात वर्षांमागं तापानं गेला.

हा सटवाजी बिगारी म्हणून लागला आणि गवंडी झाला. आजूबाजूच्या चार गावांत कुणाच्या ना कुणाच्या भिंतीला त्याचा ओळंबा लागलेला होता. त्याचं स्वतःचं घर मात्र तुराट्यांच्या कुडाचं, वरून मातीचा लेप आणि डोक्यावर टिनपत्रे. गवंड्याचं घर असं काहून, हे मी एकदा तिला विचारलं.

"तो म्हने, पुढल्या सुगीला बांधू," ती म्हणाली. "सुगी दर साली यायची. हा मातर दुसऱ्याच्या घरावर ऱ्हायचा."

घरकुलाचा सर्वे आला तो मार्चात. मोबाईलवर अर्ज भरायचा, खाली फोटो जोडायचा. फोटोत अर्जदार आपल्या सध्याच्या घरापुढं उभा पाहिजे आणि घराच्या भिंती नि छप्पर दिसलं पाहिजे. नियम एवढाच. आठवीतल्या पोराला कळेल असा. साखऱ्याच्या वस्तीतले बासष्ट अर्ज माझ्याकडं होते आणि एकसष्ट फोटो मी उरकल्यासारखे काढले. बासष्टावी जनकाबाई. चार वाजले होते, ती नुकतीच हळदीवरून आली होती, आणि माझ्यातला लग्नाचा फोटोग्राफर नेमका तेव्हाच जागा झाला.

पिवळे हात, पांढरे केस, कपाळावर जुनं गोंदण. असा चेहरा अकरा वर्षांत एकाही मांडवात मला मिळाला नव्हता. पण झोपडीचं तोंड पूर्वेला. ऊन मागून येत होतं आणि समोरची सगळी बाजू काळी पडली होती.

"माय, जरा डावीकडं सरका," मी म्हणालो.

ती सरकली.

"अजून थोडं. अजून. हां, अजून दोन पावलं."

शेजारी भिकाबाईचं घर. ते मागच्या यादीत झालेलं, पक्क्या विटांचं, आणि त्याची एक बाजू ऐन उन्हात, निळ्याभोर रंगाची. निळ्यावर पिवळं काय उठून दिसतं हे ज्याला माहीत आहे त्यालाच माझं दुःख कळेल.

"सर, माजं घर तिकडं ऱ्हायलं," जनकाबाई म्हणाली.

"फोटोपुरतं, माय. मी अकरा वर्षं हेच केलंय."

तिनं मागं वळून भिंतीला हात लावला. रंग ओला आहे का ते बघते असं मला वाटलं. मग ती पदर सारखा करून ताठ उभी राहिली. मी गुडघ्यावर बसलो. वरच्या कोपऱ्यात भिकाबाईची डिशची छत्री येत होती. ती टाळता आली असती, पण तिच्यामुळं फोटोचा तोल साधत होता, म्हणून मी ती मुद्दाम घेतली. अर्जात भिंत मातीची, छप्पर पत्र्याचं, सगळं खरं भरलं. खाली फोटो जोडला आणि बोट दाबलं. मोबाईल फोटोबरोबर जागेची खूणही पाठवतो, यंत्रानं तीही कबूल केली. अकरा पावलांचा फरक त्याच्या लेखी काहीच नव्हता.

फोटो संस्थेच्या गटावर टाकला तेव्हा अंगठे आणि फुलं यांचा पाऊस पडला. संपदाताईंनी लिहिलं, "रत्नपाल, हा फोटो बोलतो." बोलत होताच. काय बोलतो ते आम्हाला कुणाला ऐकू आलं नाही. जनकाबाईनं एक प्रत मागितली. मी चौकट करून नेऊन दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, बराच वेळ पाहिली आणि बाबासाहेबांच्या शेजारी टांगली. मी संकोचल्यासारखं दाखवलं. आतून मी गाभुळलेल्या चिंचेसारखा फुगलो होतो.

यादी लागली नोव्हेंबरात. साखऱ्याच्या वस्तीतली एकसष्ट नावं पात्र. एक अपात्र. कारण: अर्जदाराचे पक्के घर आढळले.

मी ते वाचलं तेव्हा खताच्या माडीवर एकटाच होतो. फोटो उघडला. विटांची भिंत, लोखंडी गजाची खिडकी, डिशची छत्री आणि पुढं ताठ उभी जनकाबाई, अगदी घरमालकिणीसारखी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आजा म्हणायचा. इथं बैल माझा नव्हता, तिचा होता, आणि रिकामा मी केला होता.

एखाद्या सरळ माणसानं त्याच दिवशी साखऱ्याला जाऊन सांगितलं असतं. मी गेलो, पण सरळ नव्हतो.

"माय, तुमचं नाव मागं ऱ्हायलंय. सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे."

"मंग तो कवा सुदरन?"

"बघून राहिलोय."

"बघा," ती म्हणाली. "तुमी हाव तर मला काय घोर न्हाई." आणि तिनं मला अंबाडीच्या भाजीची जुडी बांधून दिली. ती भाजी आईनं केली. मी आजारी असल्याचं सांगून उपाशी झोपलो.

त्यानंतर मी तिची गल्लीच टाळायला लागलो. गाडी वस्तीच्या दुसऱ्या टोकाला लावायची, कामं तिकडूनच करायची. वस्तीतल्या नालीचं माप घ्यायचं होतं, ते मी जनकाबाईच्या दारापर्यंत आणून अर्ध्यावर सोडलं. त्या मापाच्या कागदावर ती नाली तिथंच संपली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं, आणि तेही निळ्या भिंतीवर पडलेलं.

डिसेंबरात संपदाताईंनी संस्थेचं कॅलेंडर काढायचं ठरवलं. पहिल्या पानाला कुठला फोटो, यावर चर्चाच झाली नाही. मी तिथं "नको" म्हणू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "खाली तुझं नाव छापू, छायाचित्र रत्नपाल खंदारे." मी तोंड मिटलं. एवढं सांगितलं की माझ्याबद्दल फार सांगायचं उरत नाही.

कॅलेंडर जिल्हाभर गेलं. पंचायत समितीत गेलं, शाळांत गेलं, साखऱ्याच्या ग्रामपंचायतीत गेलं. वर मोठ्या अक्षरांत 'हक्काचं घर' आणि खाली ती बाई, जिचं हक्काचं घर मी घालवलं होतं.

अपात्र नावांच्या हरकती सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ऐकायच्या होत्या. त्या दिवशी ठराव झाला तर फेरतपासणी होणार, नाहीतर यादी बंद. पुढची यादी कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. सटवाजीची पुढची सुगी तरी दर साली यायची.

मी रात्रभर नाही, पण सकाळचा चहा थंड होईपर्यंत एक निवेदन लिहिलं. 'तांत्रिक कारणास्तव अर्जदाराच्या छायाचित्रात विसंगती आढळून आल्याने' असं त्याचं पहिलं वाक्य. हे वाक्य कुणालाच कळणार नाही याची मला खात्री होती, म्हणूनच ते मला आवडलं होतं.

झेंडावंदन झालं, दुपारनंतर ग्रामसभा बसली. पंचायत समितीहून एक अधिकारी आले होते. जनकाबाई पुढच्या सतरंजीवर, धुतलेलं लुगडं नेसून, माझ्याकडं बघून मान हलवत. मी उभा राहिलो आणि कागद वाचायला लागलो. 'विसंगती' या शब्दापर्यंत पोचलो तेवढ्यात पंचायतीचे सदस्य हरिचंद उठले. त्यांना गावात सगळे मानतात, कारण ते कुणालाच मानत नाहीत.

"कायची विसंगती?" त्यांनी ग्रामसेवकाच्या खुर्चीमागं बोट दाखवलं. "बाईचं घर हे काय समोर टांगेल हाय. भिंत पक्की, खिडकीला गज, वर टीवीची छत्री. अजून काय पायजे?"

सगळ्या माना कॅलेंडरकडं वळल्या. मीही वळलो. फोटो खरंच चांगला आला होता.

"सर्व्हर..." मी सुरुवात केली.

"सर्व्हर ऱ्हाऊ द्या. जनकाबाई, तुमी दुसऱ्याच्या घरापुढं उभ्या ऱ्हायल्या का? का हे घर तुमचं हाय? काय तरी एक लबाड असंल."

जनकाबाई उठली. तिनं कॅलेंडरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिनं "ह्या सरांनी उभं केलं" एवढे चार शब्द म्हटले असते तरी तिची सुटका झाली असती. तिनं नुसता पदर सारखा केला. मागच्या बाजूला कुजबुज सुरू झाली, आणि तिची मान हळूहळू खाली जायला लागली. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानातून एक शेंग न उचललेली बाई भर सभेत लबाड ठरत होती आणि मी हातात 'विसंगती' धरून उभा होतो. मला माझी किळस आली.

"बाई लबाड नाही," मी म्हणालो. "लबाड मी आहे."

मग मी सगळं सांगितलं. झोपडीवर उजेड नव्हता, भिंतीवर होता, बाई नको म्हणत असताना मी तिला सरकवलं. छत्री तोल साधायला घेतली. नोव्हेंबरापासून मला माहीत होतं. सर्व्हरला काही झालेलं नव्हतं. नंतर मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी सभा हसायला लागली. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हंजे उजेडासाठी?" हरिचंदांनी विचारलं.

"व्हय."

"इतकं शिकून?"

"व्हय."

हरिचंदांचा एवढ्यावर विश्वास बसेना. ते म्हणाले, जागेवर दाखवा. मग सगळी सभा उठून वस्तीत गेली, वरातीसारखी, आणि वरातीपुढं घोड्याच्या जागी मी. झोपडीपुढं मला जनकाबाईच्या जागी उभं केलं. भिकाबाई दारात येऊन कमरेवर हात ठेवून बघत होती. "सरका डावीकडं," हरिचंद म्हणाले. मी सरकलो. "अजून." सरकलो. लोक मोठ्यानं पावलं मोजत होते. अकराव्या पावलाला माझी पाठ निळ्या भिंतीला लागली.

"हे घर माजं हाय," भिकाबाईनं अधिकाऱ्यांना सांगितलं. "अन् छत्री बी माजी हाय. ह्या बाबानं इचारलं बी न्हाई."

अधिकाऱ्यांनी आपला मोबाईल काढला. त्याची काच तडकलेली होती. त्यांनी जनकाबाईला झोपडीपुढं उभं केलं आणि एका झटक्यात फोटो घेतला. मला राहवलं नाही, मी डोकावलो. सगळं काळं. बाईचे डोळे मिटलेले, कडेला अर्धी बकरी, पत्रा वाकडा. असा फोटो मी लग्नात काढला असता तर मांडवातून जिवंत परतलो नसतो. त्याच फोटोवर फेरतपासणीचा ठराव एकमतानं झाला.

लोक पांगले. जनकाबाई झोपडीत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी उंबऱ्याबाहेर बसलो होतो.

"माय, मला माफ करा," मी म्हणालो. "तुम्ही सभेत माझं नाव का घेतलं नाही?"

ती खाली बसली. चौकटीतला फोटो ती सोबत घेऊन आली होती.

"मी बी सरकलेच की," ती म्हणाली. "मला कळत नव्हतं का, माजं घर कोन्तं? पर ती भिंत ह्यांच्या हातची हाय. भिकाबाईचं घर ह्यांनीच बांधलं. त्येच्या बाद त्यांनी थापी हातात धरली न्हाई." तिनं फोटोतल्या निळ्या रंगावरून बोट फिरवलं. "त्यांचा एक बी फोटो न्हाई माझ्याकडं. कवा काढलाच न्हाई. तुमी म्हनले तिथं उभ्या ऱ्हा, तर मनलं बरं झालं, फोटोत दोघंबी येतीन."

अकरा वर्षांत मी किती जोडप्यांचे फोटो काढले त्याची गणती नाही. त्यांच्यात सर्वांत चांगला हा होता, आणि काढताना मला तो जोडप्याचा आहे हेही कळलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"पी पानी, रत्नपाल," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी 'सर' राहिलो नाही. 'तुमी'चा 'तू' झाला.

संपदाताईंना मी लेखी सगळं कळवलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "कॅलेंडरवर तुझं नाव बारीक अक्षरात आहे. चूक मोठ्या अक्षरात छापायची का?" छापली नाही, पण नवीन माणूस संस्थेत आला की त्याला पहिल्या दिवशी ते कॅलेंडर दाखवून विचारतात, यात काय चुकलंय सांग. मी तिथंच बसलेलो असतो. अजून कुणाला ओळखता आलेलं नाही, हेच काय ते माझं समाधान.

उन्हाळ्यात जनकाबाईचं नाव यादीत आलं. गवंडी मी गाठून दिला. भिंत चढत असताना ती रोज ओळंब्याकडं बघायची आणि गवंड्याला म्हणायची, "बाबा, इथं जरा पोट काढून राहिलीय." तो चिडायचा, मग दोरी धरून बघायचा, आणि दर वेळी तिचंच खरं निघायचं. विटांवर पाणी ती स्वतः मारायची. कडेची नालीही मी या वेळी तिच्या दारापुढं पार नेऊन घातली.

दिवाळीच्या आधी घर पुरं झालं. शेवटचा फोटो बाकी होता, तो जोडल्याशिवाय काम संपलं असं धरत नाहीत. मी गेलो तेव्हा चार वाजले होते. नव्या घराचं तोंडही पूर्वेलाच. ऊन मागून, समोर सावली. जनकाबाई दारात ताठ उभी राहिली, हातात चौकटीतला निळ्या भिंतीचा फोटो, समोर दिसेल असा धरलेला.

मोबाईलमध्ये बघितलं आणि माझं तोंड माझ्या आधी बोलून गेलं. "माय, जरा डावीकडं..."

"न्हाई," ती म्हणाली. "आता मी इथून हालत नसते. उजेड पायजे तर तू सरक."

मी डावीकडं सरकलो, उजवीकडं सरकलो, खाली बसलो. उजेड कुठूनच आला नाही. तसाच फोटो काढला. चेहरा काळा आलाय, पण दोघंही आलेत.